न पडलेल्या दगडाची तरतूद

मार्च महिना आला की संस्था लहान असो की मोठी, कार्यालयात एकच प्रश्न असतो. पैसा थोडा, मागण्या फार. मग नाही कुणाला म्हणायचं? आणि वाचकहो, तिथं आपण सगळे सारखेच वागतो. ज्या कामाचा उपयोग डोळ्यांना दिसत नाही, त्यावर आधी काट मारतो.

तात्यासाहेबांनीही तेच केलं.

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडजवळ त्यांच्या शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे. माणूस सरळ, व्यवहाराला चोख. यंदा त्यांनी मनाशी एक गोष्ट ठरवली होती. कॉलेजच्या दारात दगडी कमान उभारायची आणि तिच्यावर वडिलांचं नाव कोरायचं. वडिलांनी गावाकडचं शेत विकून संस्थेची पहिली खोली बांधली होती. त्यांच्या नावाची साधी पाटीही कुठं नव्हती, ही खंत तात्यासाहेबांना बरीच वर्षं होती.

अंदाजपत्रक चाळताना एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“सर्जेराव, हे काय? लघुग्रह शोध प्रकल्प, तीन वर्षांची तरतूद?”

सचिव सर्जेराव हसले. “रत्नमाला मॅडमचा अर्ज हाय. आकाशातून पृथ्वीवर येऊन आदळतील असे दगड हुडकायचे म्हणतेत. दुर्बिणीला कॅमेरा पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजेत. वेरूळकडच्या आपल्या शाळेच्या गच्चीवर बसवायचं म्हणतेत, तिथं अंधार चांगला असतो म्हणून.”

“कमाल झाली! आपल्या आयुष्यात कधी पाह्यला का दगड पडताना? काट मारा.”

सर्जेरावांनी काट मारली. पण तात्यासाहेबांचा एक गुण होता. कुणाला नाही म्हणायचं तर ते समोर बोलावून म्हणायचे. त्यांनी रत्नमाला मॅडमना बोलावून घेतलं.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या रत्नमालाताई शांत स्वभावाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “तात्यासाहेब, निर्णय तुमचा. पण शनिवारी दुपारी एकदा प्रयोगशाळेत या. मुलं काय करतात ते बघा, मग नाही म्हणा.”

शनिवारी तात्यासाहेब गेले. आठ-दहा विद्यार्थी जुन्या कॉम्प्युटरांपुढं बसले होते. तनुजा नावाच्या मुलीनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

“हे बघा सर. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो आहेत. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीनं काढलेले, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून. ते आपल्याला तपासायला मिळतात. तारे जागचे हलत नाहीत. पण हा ठिपका बघा.”

तिनं एकामागून एक फोटो दाखवले. शेकडो ठिपक्यांमधला एक बारीकसा ठिपका हळूच सरकत होता.

“हा दगड?” तात्यासाहेब पुढं झुकले.

“बहुतेक लघुग्रह असावा. पण एकदा दिसून भागत नाही सर. पुढचे काही दिवस तो परत परत बघावा लागतो, तेव्हा त्याची वाट कळते. गेल्या वर्षी आमचा एक असाच हातातून गेला. पुन्हा बघायला आपल्याकडे कॅमेराच नव्हता.”

“बरं, वाट कळली. पुढं? तो यायचा तो येणारच ना? मग कळून फायदा काय?”

हा प्रश्न रत्नमालाताईंना अपेक्षितच असावा. “आधी कळलं तर फायदा आहे. २०२२ साली एक यान मुद्दाम एका छोट्या लघुग्रहावर नेऊन आदळवलं आणि त्याची वाट बदलते हे दाखवलं. पण त्यासाठी काही वर्षं हाताशी लागतात. ऐन वेळी कळून उपयोग नाही. २०१३ साली रशियात एका शहरावर असाच दगड येऊन आकाशात फुटला. कुणालाच आधी दिसला नव्हता. खिडक्यांच्या काचा लागून हजारावर माणसं जखमी झाली.”

“रशियात. आपल्याकडं नाय.”

“लोणार आपल्याच शेजारी आहे, तात्यासाहेब.”

 लोणारला तात्यासाहेब दोनदा जाऊन आले होते. देवळं बघितली, सरोवराच्या काठावर डबा खाल्ला. एवढा मोठा खड्डा एका दगडानं पाडला, हे तिथल्या फलकावर वाचलंही होतं. पण त्या दिवशी इथं कुणी राहत असतं तर, हा विचार मनात कधी आला नव्हता.

तरीही ते उठले. “मॅडम, काम चांगलं हाय. पण हजारो वर्षांत एकदा होणाऱ्या गोष्टीसाठी यंदाचा पैसा मी कसा देऊ?”

ते दाराकडं वळले आणि थबकले. दाराजवळच्या बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता. पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दवाखान्याची पिशवी.

“जय भीम, तात्यासाहेब. ओळखलं का?”

“रामराम. तू… रामकिसन? तलावावरचा?”

“व्हय. रत्नमाला माझी लेक. डोळ्याचं ऑपरेशन झालं, तपासायला आलो होतो. ती घरी नेईल म्हणून बसलोय.”

देवगाव रंगारीजवळच्या दोघांच्या खेड्याच्या वरच्या अंगाला एक तलाव होता. रामकिसन तिथं रोजंदारीवर होता. तलावातल्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आलंय ते रोज सकाळी वाचायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम. पुढं लागोपाठ तीन वर्षं पाऊस नीट झाला नाही. तलावाचा तळ दिसू लागला. तेव्हा गावानं एक अर्ज केला होता. पाणीच नाही तर पट्टी वाचायला माणूस कशाला? त्याचा पगार बंद करा आणि तो पैसा रस्त्याला द्या! त्या अर्जावर पहिली सही तरुण तात्यासाहेबांची होती. पगार बंद झाला, आणि त्याच पावसाळ्यात नदीला पूर आला.

त्यांना ती सही आठवली. ते बाकावर शेजारी बसले.

“रामकिसन, एक विचारू? त्या जूनमध्ये तुझा पगार बंद झाला. अन् पूर आला ऑगस्टमध्ये. मग त्या दिवशी तू तलावावर काय करत होता?”

“पट्टी वाचत होतो.”

“बिनपगारी?”

“पट्टी तर जाग्यावरच होती ना,” रामकिसन साधेपणानं म्हणाला. “वरच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता. गावात थेंब नाय. सकाळी सातला वाचलं, तर लई पाणी चढलेलं. अर्ध्या तासानं परत वाचलं, आणखी हातभर वर. मला समजलं, सांडव्यावरून पाणी सुटणार. सायकल काढली अन् नदीकाठानं वरडत सुटलो.”

पुढचं तात्यासाहेबांना ठाऊक होतं. नदीकाठच्या त्यांच्या कपाशीत त्यांची बायको वच्छलाबाई अकरा बायांना घेऊन खुरपत होती. दोन वर्षांची लेक बांधावर झोळीत झोपली होती. कुणीतरी सायकलवरून ओरडत आलं, म्हणून सगळ्या वर निघाल्या. अर्ध्या-पाऊण तासानं नदी त्या शेतातून वाहत होती! पाण्याची मोटार गेली, पीक गेलं. घरात कितीतरी दिवस मोटारीचीच हळहळ चालली होती. ओरडत आलेला माणूस कोण, हे तात्यासाहेबांना नंतर कळलंही होतं. पण ते कधी त्याच्या घरी गेले नाहीत. सहीची लाज वाटली असेल, किंवा माणसं वाचली म्हणजे काही घडलंच नाही असंच वाटलं असेल.

“माझी बायको, माझी पोरगी त्या शेतात होती,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही आमच्या घरावर एवढे उपकार केले अन् आम्ही तुमचा पगार तोडला होता. मी साधं भेटायलाही आलो नाय. माफ करा मला, रामकिसनराव.”

‘तू’चं ‘तुम्ही’ कधी झालं, ते त्यांनाही कळलं नाही. रामकिसननं ऐकलं आणि चष्मा सारखा केला.

“मनात काही ठेवलं नाय मी. पण एक बोलू का? चार वर्षांत मी हजारावर वेळा पट्टी वाचली. उपयोग झाला एकदाच. तो एक दिवस कोणता, ते आधी माहीत असतं तर मी तेवढ्याच दिवशी गेलो असतो. ते माहीत नसतं, म्हणून रोज जावं लागतं. माझी लेक तेच करतीया. तिची पट्टी लई मोठी हाय, एवढंच.”

प्रयोगशाळेत मुलं आपापल्या ठिपक्यांत गुंतली होती. 

सोमवारी बैठक भरली. तात्यासाहेबांनी सभासदांना तलावाची गोष्ट सांगितली, आणि अर्जावरची आपली सहीही लपवली नाही. मग म्हणाले, “यंदा कमान नको. तो पैसा या मुलांच्या कॅमेऱ्याला द्या.”

सर्जेराव अवघडले. “पण वडिलांचं नाव?”

“वडिलांनी पोरं शिकावीत म्हणून खोली बांधली होती. त्यांना हे पटलं असतं.”  कमान सोडणं त्यांना सोपं गेलं नव्हतं.

एका सभासदानं विचारलं, “तात्यासाहेब, तीन वर्षं पैसा द्यायचा अन् धोक्याचा दगड एकही सापडला नाय तर?”

“तर मी पेढे वाटीन!” तात्यासाहेब म्हणाले. “सगळी पट्टी वाचून झाली अन् पूर नाय, यापरीस चांगली बातमी कोणती? पण वाचल्याशिवाय ते कळायचं कसं?”

ठराव मंजूर झाला. काट मारलेली ओळ सर्जेरावांनी नव्यानं लिहून काढली.

वाचकहो, एखादं शहर उद्ध्वस्त करू शकतील अशा लघुग्रहांपैकी निम्म्याहून अधिक अजून कुणाला सापडलेलेच नाहीत. ते शोधण्याचं काम सरकारांचं आहे, शास्त्रज्ञांचं आहे, आणि या कामाला पैसा द्या असं म्हणण्याचं काम आपलं, साध्या नागरिकांचं आहे. संकट येऊन गेल्यावर आपण मदतीला सढळ हातानं धावतो. ती माणुसकी आपल्यात आहेच. पण संकट येण्याआधी पहारा देणाऱ्याला मात्र आपण रिकामटेकडा समजतो, कारण त्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. लोक त्या दिवशी नेहमीसारखे शेतात जातात, दुकानं उघडतात, मुलं शाळेतून घरी येतात. हा नेहमीसारखा दिवस कुणीतरी जागं राहून आपल्याला दिलेला असतो. त्या जागणाऱ्याची भाकर हिरावू नका!