कच्च्या टाक्यांचा केक

टेलर मास्तरांना माप मनात ठेवता येत नसे. दुकानाच्या पुढच्या भागात ते गिऱ्हाइकाला टेप लावायचे आणि मागच्या खोलीत बायको मशीन चालवायची. मशीनच्या खडखडाटातून तिला ऐकू जावं म्हणून मास्तर आकडे असे फेकायचे, की समोरच्या फुटपाथवरचं कुत्रं दचकून उठायचं. "छाती बेचाळीस! पोट..." इथे गिऱ्हाईक हळूच श्वास आत ओढायचं. "सोडा, सोडा श्वास! पोट सेहेचाळीस!" बायको आकडा खडूनं फळीवर लिहायची. लग्न झाल्यापासून हे असंच. गल्लीतल्या प्रत्येकाचा घेर गल्लीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. सगळेच उघडे पडलेले, तर लाजायचं कुणी कुणाला?

वाटलं ते ताईला.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन. तिच्या बुटांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की निम्मे पेशंट आपणहून बरे होत, असं लोक म्हणत. थंडी सुरू झाली तशी ती मास्तरांनीच शिवलेला लोकरीचा कोट घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "बारक्या, कापड आटलंय तुझं. बटणं लागत नाहीत."

पन्नाशी उलटलेल्या, चकचकीत टकलाच्या माणसाला बारक्या म्हणणारी आता जगात ती एकटीच उरली होती.

"धुतलास का?"

"छे."

"मग न धुता कसा आटेल? उभी राहा."

मास्तरांनी टेप लावला. हात सवयीनं चालले आणि तोंडही सवयीनंच चाललं. "कंबर..." टेप पुढे आला, अजून पुढे आला, आणि टोकाटोकांची काही भेट होईना. मास्तर बोंबलले, "अगं, टेप संपला! दुसरा आण, जोडू!"

बाकावर ताईच्याच हॉस्पिटलातल्या नव्या नर्सा बसल्या होत्या, गणवेशाची मापं द्यायला आलेल्या. त्यांनी हसू दाबलं. पण दाबलेलं हसू म्हणजे दाबलेली स्प्रिंग.

"दोन स्वेटर घातलेत मी आत!" ताई म्हणाली. मास्तरांच्या हातातून कोट हिसकावला, आणि दार असं आपटून गेली की दारावरची घंटी खाली पडली. संध्याकाळपर्यंत ही बातमी हॉस्पिटलभर झाली. पायाला वजन लटकवून पडलेल्या एका पेशंटानं म्हणे तिला विचारलंसुद्धा, "मेट्रन, दुसरा टेप मिळाला का हो?"

त्या दिवसापासून अबोला.

एरवी मास्तरांनी मनावर घेतलं नसतं. पण वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. या घरात सुट्ट्या म्हणजे ताईचा मसाल्याचा केक. ती तो घरी भाजायची, कापडात गुंडाळून दुकानावरच्या मास्तरांच्या घरी आणायची, आणि ऑपरेशनला उभी राहिल्यासारखी बाह्या सरसावून कापायची. मास्तरांना धास्ती केकची नव्हती. त्यांच्या घराण्यात अबोला म्हणजे लोणचं. सुट्ट्यांच्या आत मोडला तर मोडला, नवं वर्ष ओलांडलं की मुरला. त्यांचे काका आणि आत्या असेच एका छत्रीवरून अबोला धरून बसले आणि न बोलताच वर गेले. आता तिकडे तरी बोलतात की नाही, देव जाणे.

"सरळ जाऊन माफी मागा ना," बायको म्हणाली.

"कशाची मागू? टेप संपला हे खोटं होतं का?"

"मग बसा खऱ्याला कवटाळून."

दुसऱ्या दिवशी दाजी आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान, पोस्टातून रिटायर झालेले. उभा जन्म दुसऱ्यांचे निरोप वाहण्यात गेल्यामुळे त्यांचं एक तत्त्व होतं: निरोपात आपलं पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही. ते उंबऱ्यातच थांबले, घसा खाकरला, दोन्ही हात कंबरेवर ठेवले. हात हा निरोपाचाच भाग होता.

"'या वर्षी केक नाही. ज्याला खायचाय त्यानं स्वतः भाजावा. मग कळेल घेर कशानं वाढतो.' इथे तिनं दार आपटलंय. तुमचं आपटू का?"

"नको, दाजी. आधीच घंटी पडलीय."

"पोचलं, एवढं समजा," म्हणून दाजी चहाला टेकले.

मास्तरांच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. केक करायचा! करून ताईच्या दारात पोचवायचा. माफीसाठी तोंड उघडायची गरजच नाही. केक पुढे करायचा, म्हणजे तिचं तोंड उघडेल.

"तुम्हाला चहात साखर किती घालायची ते माहीत नाही," बायको म्हणाली.

"लहानपणी ताईच्या बाजूला ओट्यावर बसून पाहिलाय मी. मैदा, अंडी, लोणी, करपवलेली साखर, मनुका, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ. सगळं पाठ आहे."

"किती किती?"

"तेवढं ती सांगायची नाही."

पण माप नाही म्हणून अडेल तो टेलर कसला? मास्तरांच्या धंद्यातला पहिला नियम होता, मार्जिन. कापताना शिवणीच्या आत चार बोटं कापड जास्त सोडायचं. माणूस फुगतो, कापड फुगत नाही. हाच नियम त्यांनी परातीत लावला. लवंग अंदाजानं घेतली, वर मार्जिन म्हणून मूठभर आणखी. सुंठेला मार्जिन, जायफळाला मार्जिन. बेकिंग पावडरचा डबा त्यांनी चमच्यानं टकटक वाजवून पाहिला आणि म्हणाले, "ही फुगवणारी ना? मग हिला तर सोडायलाच हवं." अर्धा डबा गेला.

"अहो, केक करताय की डोंगर फोडताय?"

"जास्त असलं तर आत दुमडता येतं. कमी पडलं तर कुठून आणशील?"

ओव्हन लग्नात आहेर म्हणून आलेला. एवढी वर्षं त्यात मास्तर कोटांच्या खांद्यांत घालायचे स्पंजचे पॅड ठेवत, कारण तिथे उंदीर जात नसत. हे त्यांना आठवलं ते ओव्हन चांगला तापल्यावर. घरभर असा वास सुटला, की खालून पानवाला ओरडला, "मास्तर, जळतंय काय?"

"खांदे!" मास्तर ओरडले.

पानवाल्यानं पुढे काही विचारलं नाही. खरवडून, पुसून, खिडक्या उघडून शेवटी एकदाचा केक आत गेला.

आणि इथे धंद्यातला दुसरा नियम आडवा आला. मास्तर ट्रायल घेतल्याशिवाय कपडा देत नसत. ते थोड्या थोड्या वेळानं ओव्हनचं दार उघडायचे, मान तिरकी करून केकाकडे बघायचे, "बसतोय, बसतोय" म्हणायचे आणि दार लावायचे.

"सारखं उघडू नका, तो बसेल!"

"बसायलाच हवा. नीट बसला तरच अंगाला शोभतो."

केक आधी दूध उतू गेल्यासारखा भांड्याबाहेर आला, ओव्हनच्या तळावर सांडला, तिथे खरपूस झाला. मग कितव्या तरी ट्रायलला त्यानं एक सुस्कारा सोडला आणि मधोमध असा खचला, की त्यात मांजरीनं पिल्लं घातली असती. डावी बाजू काळी ठिक्कर, उजवी बाजू गोरी, मध्ये विहीर.

बायकोनं पदर तोंडावर धरला. रडतेय की हसतेय ते कळायला मार्ग नव्हता.

पण कपडा बिघडला म्हणून मास्तर कधी हातपाय गाळत नसत. ते उसवत. त्यांनी चष्मा चढवला, केक कटिंगच्या टेबलावर घेतला, आणि त्यावर पांढऱ्या रेघा मारल्या.

"अहो, तो खडू आहे!"

"झटकला की जातो."

काळी बाजू त्यांनी पातीनं छाटली. उरलेला केक जुना कोट उलटवतात तसा उलटा केला, खराब बाजू आत, बरी बाजू बाहेर. खचलेल्या विहिरीत ओव्हनच्या तळाचा खरपूस चुरा भरला आणि म्हणाले, "पॅडिंग." जॅमचं अस्तर लावलं. तरी एक पाखं, म्हणजे एका कडेचा तुकडा, घसरतच राहिलं. मास्तरांनी क्षणभर विचार केला, सुईत पांढरा दोरा ओवला, आणि लांब लांब कच्चे टाके घालून ते पाखं जागच्या जागी बसवलं.

"जॅम आळला की दोरा ओढून काढायचा," ते म्हणाले. "कळणारसुद्धा नाही."

बायको म्हणाली, "बटणं राहिली."

संध्याकाळी मास्तरांनी बोलावलं म्हणून दाजी पार्सल न्यायला आले. त्यांनी केकाभोवती एक फेरी मारली. वाकून वास घेतला. मग सरळ झाले.

"हे मी नेणार नाही."

"का हो, दाजी?"

"आत काय आहे ते सांगता येत नसलेलं पार्सल आम्ही घेत नाही. निरोप काही असेल तर द्या."

मास्तरांनी घसा साफ केला. सांगायचं बरंच होतं. मला तुझ्याशिवाय सुट्टी सुट्टी वाटत नाही, हे होतं. काका आणि आत्याची भीती होती. पण तोंडाला जणू काजं केलीच नव्हती, शब्द बाहेर पडणार कुठून? शेवटी ते म्हणाले, "सांगा, केक ट्रायलला तयार आहे."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

दाजी गेले. मास्तर खिडकीत उभे राहिले. रस्त्यावरचे दिवे लागले, पानवाल्यानं विजेची माळ पेटवली, कुत्रं अंग वळवून झोपलं. कुणी येईना.

"आता मुरला," मास्तर हळूच म्हणाले. बायकोनं या वेळी टोमणा मारला नाही. ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. मास्तरांचा गुडघा दुपारपासून दुखत होता, तो आपोआप थांबला.

ताई दारात उभी. अंगात तोच लोकरीचा कोट, बटणांच्या जागी बँडेजच्या पिना लावून कसाबसा मिटवलेला. मागे दाजी. त्यांनी निरोप शब्दशः दिला होता, आणि "केकाची हालत काय?" असं विचारल्यावर हालतही शब्दशः सांगितली होती. घरात कुणी आजारी असताना मेट्रनला स्वस्थ बसवत नाही.

ताई थेट टेबलाशी गेली. केकावर हात ठेवला.

"कधीपासून असं आहे याला?" तिनं वहिनीला विचारलं.

"दुपारपासून."

"ताप?"

"होता. आता उतरलाय."

ताईनं चष्मा नाकावर ओढला आणि दोऱ्याचं टोक चिमटीत पकडलं. "वहिनी, हे काय?"

"त्यांनाच विचारा."

"कच्चे टाके आहेत," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले.

"हे असे घालतात? माझ्या वॉर्डात असतास तर हाकलला असता." तिनं वहिनीची छोटी कात्री मागितली, एकेक टाका कापला, एकेक दोरा हलक्या हातानं ओढला आणि बशीत ठेवला. केकाला लागू नये इतक्या हलक्या हातानं. मग बाह्या सरसावल्या, सुरी घेतली, एक तुकडा कापला आणि तोंडात टाकला.

दाजींनी खाकरायचं थांबवलं.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लवंग... लवंग किती घातलीस, मेल्या?"

"थोडी जास्त. मार्जिन सोडलं."

"केकात मार्जिन?" ताईनं पाणी प्यायलं, डोळे पुसले आणि दुसरा तुकडा कापला. तोही खाल्ला. "खडू लागतोय," म्हणाली. तिसरा हातात घेतला, आणि मग एकदम थांबली. "बारक्या. माझ्या कोटात सोडलंयस का?"

"काय?"

"मार्जिन रे."

मास्तर पहिल्यांदाच भिंतीपासून हलले. त्यांनी बहिणीच्या कोटाची कड उलटी केली आणि अस्तराखालची शिवण बोटानं दाखवली. आत दोन्ही बाजूंना चार चार बोटं लोकर नीट दुमडून ठेवलेली होती. "तुझ्या कपड्यात नेहमीच सोडतो. बाकीच्यांपेक्षा जास्त."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"बोलू कुठे दिलंस? घंटी पाडून गेलीस."

"तू बोंबललास!"

"हो," मास्तर म्हणाले. मग दोऱ्यांच्या बशीकडे बघत, "बोंबलायला नको होतं."

ताईनं एकेक पिन काढली, कोट खुर्चीवर टाकला आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. "घे माप. आज एकच स्वेटर आहे."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. या वेळी तो पुरला, अगदी टोकाला टोक. त्यांनी आकडा वाचला, ओठ आवळले, आणि जिवाच्या आकांतानं आवाज दाबून बायकोकडे बघत कुजबुजले.

"काय?" बायको म्हणाली. उभा जन्म मशीनजवळ काढलेली ती. तिला कुजबुज ऐकू येणं बंद होऊन जमाना झाला होता.

मास्तर पुन्हा कुजबुजले.

"मोठ्यानं बोला की!"

मास्तर घामाघूम झाले. बोटांनी आकडा दाखवायला गेले तर टेप सुटला. तिसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा कुजबुजले, बायकोनं तिसऱ्यांदा कानाला हात लावला. शेवटी ताईचा धीर सुटला. तिनं टेपवर नजर टाकली, तोंडातला केक गिळला, आणि कॉरिडॉरच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तो आकडा स्वतःच ओरडली. खाली फुटपाथवर कुत्रं दचकून उठलं.

"लिहिलंस का गं?" ताई म्हणाली आणि चौथ्या तुकड्याला हात घातला. "आणि वर केकाचं मार्जिन धर."