वरचा दिवा

दगडाला तोंड नसतं म्हणतात, पण त्याने तेवीस वर्षं दगडांनाच बोलतं केलं होतं. कुठल्या खाणीची खडी मोठ्या बांधकामात चालेल, कुठली रस्त्यातसुद्धा नको, हे प्रयोगशाळेतले बाकीचे लोक पुस्तकं उघडून सांगत. हा नुसता दगड हातात घेऊन सांगायचा आणि मग कापून, घासून खात्री करायचा, ती आपली रीत म्हणून. फुशारकी होतीच, कशाला नाकारा?

ताईने घर बांधायला काढलं तेव्हा विचारलं, "कुठली खडी घेऊ रे?" आईच्या मागे याला तिनेच वाढवलेलं. त्याने जवळच्या खाणीतला दगड आणला, कागदाहून पातळ काप केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. कापात काळे ठिपके होते. खालून उजेड सोडला की लोखंडाची बहुतेक खनिजं काळीच दिसतात. त्यातलं गरीब कुठलं आणि घातकी कुठलं, हे वरून दिवा लावल्याशिवाय कळत नाही. वरच्या दिव्याचा बल्ब गेला होता. नवा यायला आठवडा होता, आणि ताईच्या दारात गवंडी खोळंबले होते. "साधं लोखंडच असणार," असं स्वतःशी म्हणून त्याने फोन केला, "ताई, डोळे झाकून घे."

ताईने घेतली. तिचं बघून गल्लीतल्या आणखी दहा घरांनी घेतली.

सहा वर्षांनी ताईच्या जोत्याला भेगा गेल्या. त्याने एक ढलपा काढला, तर चिमटीत बिस्किटासारखा भुगा झाला. प्रयोगशाळेत येऊन त्याने काप केला आणि या वेळी वरचा दिवा लावला. काळे ठिपके पितळेसारखे चकाकले. लोखंड आणि गंधकाचं खनिज. ओल आणि हवा लागली की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं.

यावर इलाज नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी चार महिने तो इलाज शोधत राहिला. त्याच खडीच्या काँक्रीटचे, तऱ्हेतऱ्हेचे लेप दिलेले ठोकळे पाण्यात ठेवले आणि एकेक फुटताना पाहिला. जेवण सुटलं. बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसला. बोलायची हिंमत मात्र होईना. शहाण्याने केलेला मूर्खपणा कबूल करायला फार जड जातो.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "उद्यापासून वरचा मजला चढवतोय. सुनेचे दिवस भरत आले, खोली हवीच. एकदा नजर टाकून जा."

तो गेला तेव्हा ताई ओट्याशी लसूण सोलत होती.

"ताई, मजला चढवू नकोस."

"का रे? भेगा तर प्लास्टरच्या आहेत ना?"

"पायाच्या आहेत. मी दगड नीट बघितला नव्हता. घर सोडावं लागेल. अकराही घरांना."

ताईचे हात थांबले. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"चार महिने."

"चार महिने! अरे, पोटुशी पोर झोपते या घरात!"

तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, नाक वाहेपर्यंत रडला. ताईने जवळ घेतलं नाही. तिने विचारलं, "तुझ्या नोकरीचं काय?"

"जाईल. लोक तोंडात शेण घालतील. घालू देत."

ताईने हात धुतले, चपला घातल्या. "चल माझ्याबरोबर. तोंड उघडू नकोस."

शेजारी निवृत्त मास्तर राहत. ताईने त्यांना दारातच गाठलं. "मास्तर, घर खाली करा. पाया कुजलाय. भावाने तेव्हाच बजावलं होतं, ही खडी नको म्हणून. जवळ पडते म्हणून मीच हट्ट केला, आणि तुम्हालाही तीच घ्यायला लावली."

मास्तरांची बायको मागून कडाडली, "अहो, तुमच्या शब्दावर घेतली आम्ही! जीवाशी खेळलात!" समोरची दारं उघडली. लोक जमले, तोंडाला येईल ते बोलू लागले. ताई मान खाली घालून ऐकत राहिली.

मास्तर त्याच्याकडे वळले. "खरं का हो? तुम्ही नको म्हणाला होतात?"

खरं सांगायचं, असं ठरवूनच तो घरातून निघाला होता. शब्दसुद्धा ओठांवर होते.

"हो," तो म्हणाला.