तुटक्या वायरचा भोंगा

मित्रांनो, एरंडोलजवळच्या आमच्या गावात माझ्याइतका खणखणीत आवाज कुणाचाच नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नम्रपणा मला कधी जमला नाही. मी शाळेचा जुना भोंगा आहे. माझ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, कडेला पोचा आला आहे आणि मागे तुटक्या वायरचा बोटभर तुकडा लोंबतो. त्या तुकड्याचा मला फार अभिमान आहे. का, ते ऐका.

एका कारखान्यात पत्रा वळवून, ठोकून मला हे रुंद तोंड मिळालं. गावकऱ्यांनी मला धुळ्याच्या दुकानातून आणलं, तेव्हा एसटीत खिडकीजवळची जागा मला मिळाली आणि शाळेचे शिपाई रुपचंदभाऊ उभ्याने आले. त्यांनीच मला छपरावर बांधलं आणि "हॅलो, हॅलो" म्हणून माझा पहिला आवाज काढला. शेजारच्या लिंबावरचे सगळे कावळे उडाले.

मग काय विचारता! परिपाठाची प्रार्थना माझ्या तोंडून, बातम्याही माझ्याच तोंडून. स्कॉलरशिपचा निकाल, पोलिओचा डोस, कुणाची हरवलेली शेळी, सगळं गावाला मीच सांगायचो. कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. जे मी सांगितलं नाही ते घडलंच नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

पुढे चाकांचा, रंगीत दिव्यांचा नवा स्पीकर आला. मुख्याध्यापक हितेंद्र सर शाळेच्या बातम्या मोबाईलच्या ग्रुपवर टाकू लागले. माझी वायर काढून मला पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत टाकलं. इतकी वर्षं घसा फोडला आणि शेवटी उंदरांची संगत नशिबी आली. फार वाईट वाटलं मला.

त्याच खोलीत एके दिवशी शिल्पाताई आल्या. त्या समुपदेशक. मुलांच्या मनात काही खुपत असेल तर ते ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. तालुक्यातल्या बऱ्याच शाळांना मिळून त्या एकट्याच, त्यामुळे आमच्याकडे फक्त मंगळवारी येत. दुसरी जागा नव्हती, म्हणून पोती बाजूला सारून त्यांना आमची खोली दिली. पोरं खिडकीतून डोकावत, "येडासनी खोली!" म्हणजे वेड्यांची खोली, असं ओरडत आणि धूम ठोकत. मलाही हसू येई. इतकं हळू बोलणाऱ्या बाईचं काम कसं चालणार, असं मला वाटे.

मग ज्योत्स्ना आली. तिचा बाप चैत्राम सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून इकडे मजुरीला आलेला. पोरगी सहावीत, चुणचुणीत. इथली अहिराणी तिने बघता बघता उचलली होती. पण दिवाळीनंतर ती एकाएकी बोलेनाशी झाली. वर्गात नाही, घरीही नाही. शाळेत तोंड उघडत नसेल तर शाळा कशाला, कामाला तरी येऊ दे, असं चैत्राम म्हणू लागला. ताईंनी त्याच्याकडून होळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

ज्योत्स्ना यायची, पोत्यावर बसायची, नखं कुरतडायची आणि जायची. ताई काही विचारायच्या नाहीत. तिच्या शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या. मला तर जांभया येत. एका मंगळवारी ती उठली, माझ्यापाशी आली आणि मला फिरवून फिरवून बघू लागली. रुपचंदभाऊ तांदूळ मोजत होते.

"हाऊ बोलस का?" हा बोलतो का, असं तिने रुपचंदभाऊंना विचारलं. किती दिवसांनी तिचा आवाज फुटला होता!

"याले वायरच नही शे, पोरी. हाऊ काय बोली?" एवढं म्हणून रुपचंदभाऊ शहाण्यासारखे बाहेर निघून गेले.

ताईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. ज्योत्स्नाने माझ्या तोंडात आपलं तोंड घातलं आणि ती बोलू लागली.

मित्रांनो, तोवर माझ्यातून शब्द फक्त बाहेर गेले होते. आत आलेले शब्द ते पहिलेच.

हळूहळू ती मला सोडून ताईंशी बोलू लागली, मग वर्गातही बोलू लागली. तिचं पाहून दुसरी मुलं येऊ लागली. 'येडासनी खोली' हे नाव आपोआप मागे पडलं. पण येणारं प्रत्येक मूल आधी माझ्या मागे वाकून वायर नाही ना, ते पाही.

हितेंद्र सर हरखून गेले. मोठा उत्साही माणूस. त्यांनी ताईंचा सत्कार ठरवला, गावाला आमंत्रण दिलं. नेमकी सत्काराच्या सकाळी लाइट गेली आणि नवा स्पीकर मुका झाला. सर रुपचंदभाऊंना घेऊन थेट खोलीत आले. "आपला भोंगा आहे की! ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावा. भाषणात ज्योत्स्नाचं नाव घेऊन सगळं सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही धीर येईल." त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. चांगली बातमी दडवायची कशाला?

मला लिंबाला बांधलं. वायर जोडली. "हॅलो, हॅलो!" कावळे उडाले आणि मी सुखावलो, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मला ज्योत्स्नाचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघत होती आणि पांढरीफटक पडली होती. सरांनी माईक घेतला. "आपल्या शाळेतली एक मुलगी..."

"ताई!" ती किंचाळली. "भोंगामा मन्हं बोलनं शे! हाऊ बठ्ठं सांगी टाकी!"

पोरांना खरंच वाटत होतं की त्यांचं बोलणं माझ्या पोटात साठलं आहे आणि वायर जोडली की ते भडाभडा बाहेर पडेल. माझ्याशी बोललेली सगळीच मुलं कावरीबावरी झाली. एक छोटा रडू लागला. ज्योत्स्नाने दप्तर उचललं आणि ती फाटकाकडे निघाली. गावकऱ्यांत बसलेला चैत्राम उठून उभा राहिला. होळी तोंडावर आली होती. आता ती बाहेर गेली तर पुन्हा शाळेत यायची नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि तिला थांबवणारा एक शब्दही माझ्यापाशी नव्हता.

ताईंच्या खांद्यावर नुकतीच शाल पडली होती. ती तशीच सावरत त्या लिंबाखाली आल्या, वायर धरली आणि हिसका देऊन तोडली. सरांच्या अर्ध्या वाक्यात माझा आवाज बंद झाला.

"सर, हा माझ्या खोलीतला आहे," ताई म्हणाल्या. "तिथलं बोलणं बाहेर जात नाही. माझ्या कौतुकासाठीसुद्धा नाही."

सर गोरेमोरे झाले. त्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं आणि भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. मग माईक बाजूला ठेवून ते म्हणाले, "पोरांनो, चुकलं माझं. कुणाचं नाव घेणार नाही. आमच्या लेकरांचं मन लावून ऐकणारं माणूस शाळेला मिळालं आहे, आजची बातमी एवढीच. ताई, आम्ही तुमचे ऋणी आहोत."

भोंगा नसल्यामुळे मागच्यांना ऐकू यावं म्हणून सगळे चिडीचूप बसले होते. टाळ्या मात्र अशा कडाडल्या की कावळे पुन्हा उडाले.

ज्योत्स्ना फाटकाशी थांबली होती. ती परत आली. रुपचंदभाऊंनी मला उतरवलं, तेव्हा तिने मागचा तुकडा ओढून पाहिला आणि मला छातीशी धरून खोलीत नेलं. मागोमाग चैत्राम आला. पोरीने काय सांगितलं, हे त्याने ताईंना विचारलं. "तिला वाटलं तर ती सांगेल," ताई म्हणाल्या. त्याने दारातून पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "इले शाळामाच राहू द्या."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असं मनापासून ऐकणारं कुणी असेल. त्यांना एकदा जाऊन सांगा, की तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं. आणि बातमी जरूर सांगा, पण ती दुसऱ्याची असेल तर आधी त्याला विचारा.

आता तुम्ही विचाराल, ज्योत्स्ना माझ्या तोंडात काय बोलली? या गावाची एकही बातमी मी कधी पोटात ठेवली नाही. ही मात्र माझ्याकडून कुणालाही कळायची नाही.