पळसाची पानं

धारवाडात नळाला पाणी आलं की घरदार बादल्या घेऊन धावतं. तिथल्या मळमड्डीतल्या पोराला सातासमुद्रापलीकडं जाऊन पाण्याखालच्या गुहेत शिरायची अवदसा कुठून आठवली, कोण जाणे! श्रीवत्स मेक्सिकोतल्या असल्याच एका गुहेत पोहत शिरला तो परत आलाच नाही. देह अजून आतच होता. वाट फार अरुंद, आणखी जीव घालवायचे नाहीत, असं तिथल्या पाणबुड्यांनी कळवून टाकलं.

गुरुजींनी तोड सुचवली होती. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्यालाच अग्नी द्यायचा. वडील दत्तात्रय निमूट तयार झाले. आई, इंदुमती, मात्र कडाडली, “पोटचं पोर तिथं पाण्यात ठेवून इथं पानं जाळू काय मी?”

तिचा हट्ट हुबळीपर्यंत पोचला आणि भार्गवी आली. गुहेत श्रीवत्सबरोबर हीच होती. ही बाहेर आली, तो आला नाही. इंदुमतीला तिचं तोंड बघवत नव्हतं. तिनं साधं ‘बस’सुद्धा म्हटलं नाही.

“काकू, मी आणते त्याला,” भार्गवी उभ्याउभ्याच म्हणाली. “जागा मला ठाऊक आहे. परवा निघते.”

इंदुमतीला हेच हवं होतं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

“वाट किती रुंद आहे गं?”

भार्गवीनं पलंगाखाली बोट दाखवलं. “एवढी. पाठीवरची टाकी काढून पुढं ढकलावी लागते. गाळ उठला की आपला हात आपल्याला दिसत नाही, दोरी धरून बाहेर यायचं. त्याची दोरी सुटली. मी चाचपत राहिले की काकू, पण माझी हवा संपत आली होती.”

दत्तात्रय उठून आत गेले.

“तुझ्या आईला सांगितलीस काय?”

“ऑफिसच्या कामाला जाते म्हणून सांगितलंय.”

श्रीवत्सही हेच सांगून गेला होता. ऑफिसातल्यांना वाट म्हणून इंदुमतीनं पेढ्यांचा डबा बांधून दिला होता. आता हुबळीत विद्यानगरातल्या कुठल्याशा घरात आणखी एक बाई असाच डबा भरत असणार.

इंदुमती आत बघून म्हणाली, “अहो, गुरुजींना फोन करा. पानं आणायला सांगा.”

भार्गवी हुंदके देत पाया पडायला वाकली. इंदुमतीनं पाय मागं घेतले.

“माफ केलं म्हणून समजू नको. ते मला जमायचं नाही. पण तिकडं पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते. तुला काही झालं तर तुझी आई माझ्याच दारात येऊन उभी राहील. तिला मी काय सांगू?”