वाटून दिलेले प्रश्न

आमच्या विद्यापीठात पाहुण्यांचं व्याख्यान संपून प्रश्नांची वेळ आली की सभागृहाची दातखीळ बसते. जो तो आपल्या बुटांकडे बघतो. एका नामवंत शिक्षणतज्ज्ञांसमोर असंच झालं, तेव्हा विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, की यापुढे प्रश्न आधीच मुलांना वाटून द्यायचे. व्याख्यानमाला माझ्याकडे, म्हणून प्रश्न काढणंही माझ्याच गळ्यात. पण ते मला झकास जमतं. पाहुण्याच्या पुस्तकांची मलपृष्ठं चाळली की भागतं.

परवा पाहुणे म्हणून माझे बाबा आले.

बाबा लहान मुलांसाठी गोष्टी लिहितात. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आयुष्यभर लिहिलं, पण मोठ्यांच्या व्यासपीठावर त्यांना कुणी बोलावलं नाही. यंदाही ठरलेल्या लेखिका आजारी पडल्या म्हणून विभागप्रमुख मला म्हणाले, "तुमचे वडील लिहितात ना काहीतरी?" ते 'काहीतरी' मी मुकाट्यानं गिळलं आणि घरी सांगितलं, की समितीनं एकमतानं निवड केली. बाबा तेव्हापासून आरशासमोर बोलत होते.

त्यांच्यासमोर सभागृह गप्प बसलं असतं तर मला सहन झालं नसतं. म्हणून या वेळी मी जीव ओतून प्रश्न काढले. मलपृष्ठं बघायचीही गरज पडली नाही. बाबांच्या गोष्टी ऐकतच तर मी वाढले.

व्याख्यान रंगलं. मग भराभर हात वर झाले. बाबा एकेका प्रश्नाला असे खुलले, की माझ्या शेजारी बसलेले विभागप्रमुख कुजबुजले, "मुलं वाचतात हो." फर्मान यांचंच, आणि भुललेही हेच.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, तुमच्या गोष्टीतली मुलगी आपली सावली आखूड करून घ्यायला शिंप्याकडे नेते. मग उरलेला तुकडा तो तिला परत का देत नाही?"

बाबा थांबले. पाणी प्यायले. पहिल्या रांगेत मी होते, माझ्याकडे बघितलं. त्यांना भरून आलं असं वाटून मीही डोळे पुसले. मग ते म्हणाले, "उन्हात बसून शिवणाऱ्या माणसाला सावलीचा तुकडाही मोलाचा असतो." टाळ्या पडल्या.

निघताना तीच मुलगी धावत आली. "सर, ती गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे? मला पूर्ण वाचायचीय."

"ते आता मिळत नाही, बाळ," बाबा म्हणाले.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, घरी एखादी प्रत असेल की. मी देते तिला."

"प्रत कुठली? ती गोष्ट मी लिहिलीच नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुला गोवर आला होता. रात्रभर झोप नव्हती, तेव्हा रचली होती. तुझ्याशिवाय कुणी ऐकलेली नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. प्रश्न माझे होते हे त्यांना कळलं, ते एक वेळ चाललं असतं. पण त्यांचं एकही पुस्तक मी उघडलेलं नाही, नाहीतर कुठली गोष्ट छापलीय नि कुठली नाही एवढं तरी मला ठाऊक असतं, हे त्यांना भर सभेत कळलं. आणि त्यानंतरचेही सगळे प्रश्न त्यांनी हसतमुखानं घेतले होते, माझी अब्रू राखायला.

"बाबा, मी..."

"समोर बघून चालव," ते म्हणाले. "बाकीचे प्रश्न चांगले होते."

आई दारातच उभी होती. "विचारलं का हो मुलांनी काही?"

"विचारलं की. सगळी पुस्तकं वाचून आली होती पोरं."

आईचा चेहरा उजळला. "आणि तुम्ही म्हणत होतात, आपलं कोण वाचतंय," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून तिनं मायेनं हात फिरवला. मला तो हात सोसवेना.