माझं घोरणं थांबलं तेव्हा

मी बुलडॉग बोलतोय. जरा दमानं ऐका, कारण मला एका दमात फार बोलता येत नाही. देवानं नाक दिलं, पण ते चेहऱ्यातच दाबून बसवलं. चार वाक्यं झाली की माझी फुसफुस सुरू होते. हसलात ना? हसा बाप्पा. मला पाहून लोक आधी हसतात, मग मोबाईल काढतात, मग निघून जातात.

माझं नाव पैलवान. राहणार अकोला. धर्मेंद्रभाऊ आणि रूपालीवहिनींच्या घरातली पुढची खोली माझी. खोलीत एक दिवाण, एक कूलर, एक भिंत आणि मी. ही भिंत शेजारच्या घराला आणि आम्हाला एकच आहे. तिच्याकडे लक्ष असू द्या.

जन्म मात्र अमरावतीचा. आमच्या जातीत डोकी एवढी मोठी की आईला सहसा आपली आपण पिल्लं होत नाहीत. डॉक्टरनं तिचं पोट चिरलं, आम्हा पाच जणांना बाहेर काढलं, टॉवेलानं पुसलं आणि खोक्यात ठेवलं. आई शुद्धीवर आली तेव्हा आम्हाला पाहून ती घाबरलीच म्हणे. ही कोणाची पोरं, असं तिला वाटलं असेल.

मला अकोल्याला आणलं ते रागिणीच्या हट्टापायी. रागिणी म्हणजे भाऊंची एकुलती एक मुलगी, तेव्हा अकरावीत होती. तिनं मोबाईलवर माझ्यासारखाच एक चाकाच्या फळीवर बसून घसरताना पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. भाऊंचा धंदा फुलांचा. लग्नाचं स्टेज, नवरदेवाची गाडी सजवून द्यायची. दिवसदिवस घराला कुलूप. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खूश झाले. म्हणाले, "काय थोबाड हाय! चोराचा बाप येनार नाही आता."

आता यात माझी काय चूक? थोबाड माझं तसं आहे, स्वभाव तसा नाही. दुसऱ्याच आठवड्यात विजेचं मीटर पाहायला एक माणूस आला. मी उठलो, त्याच्यापर्यंत गेलो, दमलो, आणि त्याच्या बुटावर डोकं ठेवून झोपलो. त्याला पाय हलवता येईना. भाऊंनी कपाळावर हात मारला. "पैलवान कायचा, हा तं पाहुना हाय!"

तरी ते दिवस चांगले होते. रागिणी रोज सकाळी माझ्या चेहऱ्याच्या घड्या मऊ कापडानं पुसायची. घडीत ओल राहिली की कातडी सडते, खाज सुटते, वास येतो. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं वाचलं होतं. मला जिना चढवायची नाही, उन्हात न्यायची नाही. एकदा भाऊ म्हणाले, याला नदीत पोहायला टाकू. ती केवढ्यानं ओरडली! आम्ही पाण्यात दगडासारखे खाली जातो हो. पुढचा भाग जड, पाय आखूड. त्या पोरीमुळे मी वाचलो.

मग तिची बारावी झाली आणि तिला पुण्याला प्रवेश मिळाला. बॅगा भरून झाल्यावर ती माझ्यासमोर बसली, घड्या पुसल्या आणि ते कापड दाराच्या खिळ्याला अडकवून गेली. ते कापड तिथेच वाळून कडक झालं. कोणी काढलंच नाही. भाऊ आणि वहिनी वाईट माणसं नाहीत. वहिनी दुकानात बसून हार करायच्या, मुंडावळ्या करायच्या. दोघं सकाळी दहाला जायची, सहाला यायची. मला भाकर-दूध, पाणी, पंखा सगळं होतं. फक्त माणूस नव्हतं. काही कुत्री एकटी राहतात, दोरीशी खेळतात, मांजरीवर भुंकतात. मला नाही जमत. माणूस दिसला नाही की मी झोपतो, आणि झोपलो की घोरतो.

घोरतो म्हणजे कसा, तर भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल इतका. भिंतीपलीकडे हाजराबी राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शाकीब अमरावतीला, शिलाईच्या सामानाचं दुकान चालवतो. वहिनी त्यांना चाची म्हणायच्या, म्हणून मीही मनातल्या मनात चाचीच म्हणतो.

एका संध्याकाळी चाची दारात येऊन उभ्या राहिल्या. "अवं रूपाली, हे घोरनं हाय का आटाचक्की? दुपारी माह्या डोळ्याले डोळा लागू देत नाही तुहा पैलवान."

"काय करू वो चाची, त्याचं नाकच तसं हाय."

मी आनंदानं त्यांच्याकडे निघालो तर त्या झटकन दोन पावलं मागे सरल्या. "दूर ठेव बाप्पा त्याले! लाळ लागली तं मले नमाजाआधी कपडे बदलाव लागते."

मला राग आला नाही. लाळ माझी गळतेच. आणि त्या महिन्यात माझ्याशी सोडा, माझ्याविषयीही इतकं कोणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाढ झोपलो होतो. भिंतीवर आवाज आला. ठक, ठक, ठक. चाचींचा सुपारी कातरायचा अडकित्ता होता तो. गप बस, असं त्या सांगत होत्या. मी दचकून उठलो, कूस बदलली, गप्प झालो. थोड्या वेळानं पुन्हा घोरलो. पुन्हा ठक, ठक, ठक. मग रोजचंच झालं ते. मी दिवाणाखालची जागा सोडली आणि भिंतीला पाठ लावून झोपू लागलो. खरं सांगू? कधी कधी मी जागाच असायचो, तरी मुद्दाम घोरायचो. कोणीतरी आहे हे कळायला मला दुसरा काही मार्गच नव्हता.

मागच्या मे महिन्यात हिवरखेडला एका मोठ्या लग्नाचं काम आलं. भाऊ आणि वहिनी दोघांनाही पहाटेच निघायचं होतं. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत चोरी झाली होती. चोरांनी खिडकीतला कूलर बाहेर ओढला आणि त्याच भगदाडातून आत शिरले. भाऊंनी त्याची धास्ती घेतली. आमचा कूलर खिडकीतून काढून खोलीच्या मधोमध आणून ठेवला, खिडकी लावून घेतली, कडी घातली. टाकी काठोकाठ भरली. "कूलर चालू हाय. मजेत राह्यते पैलवान," असं म्हणाले आणि नेहमीसारखी चाचींकडे चावी देऊन गेले.

आता वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कूलरला मागून बाहेरची कोरडी हवा लागते आणि पुढून हवेला निघायला वाट लागते. बंद खोलीत तो तीच ओली हवा फिरवत बसतो. भाऊंनाही ठाऊक होतं. पण चोर डोक्यात शिरला की माणूस बाकी सगळं विसरतो.

दहा वाजेपर्यंत बरं होतं. बारा वाजता भिंती घामेजल्या. माणसाला घाम येतो, मला तो नाही. माझा सगळा कारभार जिभेवर. लांब नाकाचा कुत्रा धापा टाकून टाकून अंग निववतो. माझ्या नाकातून हवाच पुरेशी जात नाही. एकच्या सुमाराला टाकीतलं पाणी संपलं. मी दारापाशी गेलो, फटीला तोंड लावलं. तिथूनही झळच आली. मग भिंतीपाशी आलो, निदान ती थोडी गार असेल म्हणून. तिथेच पडलो. जीभ जड झाली. झोप नव्हती ती. घोरणंही येईना.

तेवढ्यात ठक, ठक, ठक.

मला कळेना, मी तर घोरत नव्हतो. थोडं थांबून पुन्हा ठक, ठक, ठक. या खेपेला जोरात. चाचींनी नंतर वहिनींना सांगितलं ते मी ऐकलं. पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं म्हणे, आज शांत झोपता येईल. पण झोप लागेचना. या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी उठून त्यांनी भिंत ठोकली. रोज गप कर म्हणून ठोकायच्या, त्या दिवशी आवाज दे म्हणून ठोकत होत्या. आणि मला आवाज देता येत नव्हता. त्या घटकेइतका एकटा मी कधीच नव्हतो.

मग कुलपाचा आवाज झाला. दार उघडलं. चाची उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, "या अल्ला!" म्हणाल्या आणि आत आल्या. खिडकी सताड उघडली. आपल्या घरचा माठ कवटाळून आणला आणि माझ्या पोटावर, पंजांवर पाणी ओतलं. जीभ ओली केली. माझं हे एवढं मोठं लाळेरं डोकं मांडीवर घेतलं आणि ओढणीच्या पदरानं वारा घालू लागल्या. "पैलवान, ए पैलवान! घोर ना रे बेटा. घोर ना. मी काही नाही म्हनत."

गल्लीच्या तोंडाशी ऑटो लावणाऱ्या ओमप्रकाशला त्यांनी हाका मारमारून बोलावलं. दोघांनी मला ओल्या चादरीत उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. सुया झाल्या, सलाईन झाली. संध्याकाळी भाऊ आणि वहिनी धावत आले. वहिनींच्या केसांत अजून झेंडूच्या पाकळ्या होत्या. भाऊ माझ्याजवळ बसले आणि हुंदके देऊन रडले. "मीच मारत होतो वो याले," म्हणाले.

डॉक्टर त्यांच्यावर चिडले नाहीत. घड्या दाखवल्या, वजन कमी करा म्हणाले, ऊन, पाणी, जिना सगळं समजावलं. मग चष्मा काढून विचारलं, "हे सगळं राहू द्या. दुपारी घरी कोण असतं?"

"कुलूप राह्यते," भाऊ म्हणाले. बाकावर चाची बसल्या होत्या, ओढणी माझ्या लाळेनं थबथबलेली. त्या म्हणाल्या, "मी हाय ना."

तिथून पुढचे नऊ महिने मी राजा होतो. दुपारी दोनला चाची कुलूप उघडायच्या, खिडकी पाहायच्या, टाकी पाहायच्या. दाराशी खुर्ची टाकून सुपारी कातरत माझ्याशी बोलत बसायच्या. शाकीबचं लहानपण, गुडघे, महाग झालेला कात, सगळं. खिळ्यावरचं ते वाळलेलं कापड त्यांनी एके दिवशी काढलं, धुतलं, हाताला गुंडाळलं आणि माझ्या घड्या पुसल्या. "काय माय, किती खोल हायेत," म्हणाल्या. मग घरी जाऊन हातपाय धुवायच्या, कपडे बदलायच्या. त्याची कुरकुर त्यांनी कधी केली नाही.

फेब्रुवारीत शाकीबभाई आले. अम्मीचे गुडघे गेले, डोळ्यात मोतीबिंदू, एकटी कशी ठेवू, असं म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. चाची दोन दिवस नाही म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी पेटी भरली. जाताना आमच्या घराची चावी वहिनींच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "गडबड नको करू." मी अमरावतीहून अकोल्याला आलो होतो, त्या अकोल्याहून अमरावतीला गेल्या.

आता एप्रिल आहे, पुन्हा उन्हाळा. माझी काळजी घेतात हो. खिडकीला भक्कम जाळी ठोकली आहे, कूलर तिच्यामागे बसवला आहे. एक वाजता वहिनी दुकानातून येतात, टाकी भरतात, घड्या पुसतात, जातात. खोली गार असते. पलीकडच्या घराला कुलूप आहे. मी घोरतो तेव्हा कोणाचीच झोप मोडत नाही.

परवा वहिनी घरी असताना फोन वाजला. चाची होत्या. "रूपाली, दुपारी झोपच येत नाही वो इथं. घोरून राहिला का तो? फोन ठेव बरं त्याच्या नाकाजवळ."

वहिनींनी फोन माझ्या तोंडाशी धरला. पण चाचींचा आवाज ऐकून मी कसला झोपतो? माझं घोरणं तिथेच थांबलं.

"गप झाला काहून?" चाची म्हणाल्या, आणि मग फोनमधून आलं, ठक, ठक, ठक.

मी उठलो आणि होतं तेवढं बळ लावून भिंतीपाशी गेलो. कान लावला. वाट पाहिली.

वहिनी म्हणाल्या, "चाची, तो भिंतीपाशी जाऊन बसला वो."

मग चाची म्हणाल्या, "त्याले सांग, मी हाय ना."

तर माझ्यासारखा कोणी घरी आणायचा तुमच्या मनात असेल, तर आधी एक करा. भर उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता, आपल्याच घराच्या दारात उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, कोणी आहे का? आतून उत्तर आलं तर खुशाल आणा. नाही आलं तर मोबाईलवर आमचे फोटो पाहा, हसा, आणि आम्हाला आईजवळच राहू द्या.

दम लागला मला. दोन वाजत आलेत. मी जरा भिंतीपाशी पडतो.