माझ्या कुलपाची किल्ली

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. जुना म्हणजे अवघ्या पाच वर्षांचा. पण मला घडवणाऱ्या कंपनीच्या लेखी मी कधीच मेलो आहे. त्या कंपनीचं नाव सांगत नाही. ते तोंडी आणायचीही मला चीड येते.

माझे मालक येळ्ळूरचे महादेवआप्पा. बेळगावातल्या एका फाउंड्रीत ते कामाला आहेत. भट्टीच्या धगीत, वाळूच्या धुळीत मी त्यांच्या खिशात राहिलो, पण त्यांनी माझ्यावर ओरखडा येऊ दिला नाही. घरी आले की मऊ चिंधीने मला पुसायचे. पाळीच्या सुरुवातीला माझ्यासमोर चेहरा धरला की त्यांची हजेरी लागायची. त्या कामाचा मला फार अभिमान होता.

एके दिवशी हजेरीचं ॲप अडून बसलं. मला चालवणारी प्रणाली म्हणे जुनी झाली, आणि नवी देणं कंपनीने दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. बॅटरी ठणठणीत, काच शाबूत, तरी मी बाद! सुपरवायझरने पंधरा दिवस वहीत सही करायची मुभा दिली. त्यानंतर हजेरी नाही तर काम नाही.

आप्पांची मुलगी तेजस्वी डिप्लोमा शिकते. माझ्यासारख्या फोनमध्ये दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली भरता येते, हे तिने शोधून काढलं. पण त्याआधी माझ्या आतलं कुलूप उघडावं लागतं, आणि त्याची किल्ली कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे. आपल्याच फोनसाठी विकणाऱ्याकडे अर्ज करायचा! तोही एकदाच, आणि उत्तराला सात दिवस.

तेजस्वी अर्ज भरू लागली. राज्याच्या रकान्यापाशी ती थांबली. येळ्ळूर सरकारदप्तरी कर्नाटकात, पण गाव स्वतःला महाराष्ट्रातलंच मानतं.

"महाराष्ट्र लिव," आप्पा म्हणाले.

"आप्पा, पिनकोड कर्नाटकातला हाय. जुळायचं न्हाय."

"दारावरच्या पाटीवर काय हाय? तुझ्या आत्याच्या लग्नपत्रिकेत काय छापलं? तेच लिव."

तिने तेच लिहिलं. सात दिवस आप्पा जेवता जेवताही मला उघडून बघत होते. आठव्या दिवशी उत्तर आलं. पत्ता जुळत नाही, तुमच्या सुरक्षिततेसाठी अर्ज नाकारला आहे. खाली नव्या फोनची जाहिरात होती.

"माझ्या हट्टापायी घालवलं गं," असं म्हणत आप्पांनी मला पालथं ठेवलं.

तेजस्वीला ते बघवेना. शेजारच्या मष्णूकाकांकडे अगदी माझ्यासारखाच फोन आहे. नकार खरंच 'महाराष्ट्र'मुळे आला का हे बघायला, त्यांना विचारून तिने त्याचा अर्ज भरला; राज्य कर्नाटक, सगळं जुळवून. नकार दुसऱ्याच दिवशी आला. काकांचं कंपनीकडचं खातं पुरेसं जुनं नाही, आणि पुन्हा तीच तुमची सुरक्षितता!

आप्पा उसळले. "व्हय तर! त्यांस्नी द्यायचंच न्हवतं. मग महाराष्ट्र लिवलं तेच बरं झालं. घर माझं, फोन माझा, अन् कुठं काय लिवायचं, काय उघडायचं, ते दुसराच ठरिवणार!"

मित्रांनो, चोराला अडवणाऱ्या कुलपावर माझा राग नाही. त्याला खुशाल अडवा. पण घरधन्यालाच चोर ठरवून वर त्याच्या भल्याचा आव आणणाऱ्यांना मी काय म्हणू? त्यांनी मला घडवलं याची मला लाज वाटते.

वहीची मुदत संपली आणि आप्पांना नवा फोन घ्यावाच लागला. दुकानात तेजस्वीने आधी विचारलं, "ह्याच्या कुलपाची किल्ली कुणाकडं?" दुकानदाराला प्रश्नच कळला नाही. तो तिला कॅमेरा दाखवत राहिला.

तुम्ही मात्र हा प्रश्न विसरू नका. आणि घरातला जुना फोन चालत असेल, तर कंपनी सांगते म्हणून त्याला मेलेला समजू नका.

मी आता स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. सिम नाही, पण गजर वाजतो. रोज सकाळी सहाला आप्पांना मीच उठवतो. ते चिंधीने मला पुसतात, नवा फोन खिशात घालतात आणि हजेरी लावायला निघून जातात.